किनारा आणि देखावा

कोंकण व गोवा यांच्या किनाऱ्यासंबंधीं अलीकडे मराठींत जें प्रवासवर्णन लिहिलें जातें, तें वाचतांना एक उणीव सारखी जाणवते. त्यांत समुद्र असतो, वाळू असते, सूर्यास्त तर असतोच असतो. परंतु त्या समुद्रावर पोट भरणारा मनुष्य बहुधा नसतो. हा दोष केवळ शैलीचा आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

हा किनारा सहलीचें ठिकाण कसा झाला, हें आधीं पाहिलें पाहिजे. एके काळीं कोंकण म्हणजे मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहणारा, डोंगर व खाड्या यांनीं तुटलेला मुलूख. गोवा १९६१ सालीं मुक्त झाला. त्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, हणजूण येथें पाश्चात्त्य देशांतील हिप्पी तरुण येऊन राहूं लागले. त्यांस हवी होती स्वस्ताई व एकांत. म्हणजे आपण ज्यास मागासलेपण म्हणतों, तेंच! पुढें १९७४ सालीं आग्वाद किल्ल्यालगत मोठें हॉटेल उभें राहिलें; १९८३ सालीं राष्ट्रकुलांतील शासनप्रमुख गोव्यास विश्रांतीसाठीं उतरले; १९८५ पासून परदेशी प्रवाशांचीं खास विमानें येऊं लागलीं. उत्तरेस सिंधुदुर्ग हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा ठरला व १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तात्पर्य, दुर्गमता हेंच या किनाऱ्याचें भांडवल होतें, आणि वाट सुलभ होतांच तें भांडवल खर्ची पडूं लागलें.

ज्या १९७०च्या दशकांत हॉटेल उभें राहिलें, त्याच दशकांत गोव्याचे रांपणकार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध लढत होते. एकाच वाळूवर एक जण जाळें ओढीत होता व दुसरा अंग शेकीत होता. आमच्या बहुतेक वर्णनकारांस दुसराच तेवढा दिसला.

याउलट श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) पाहावी. तेथें पोफळीच्या बागा वर्णनासाठीं आलेल्या नाहींत. त्यांच्या सावलींत अण्णा खोताची सत्ता आहे, बापूची ईर्षा आहे, राधेचें एकाकीपण आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या ‘माहीमची खाडी’ (१९६९) मध्यें तर समुद्राचें पाणी झोपडपट्टीच्या दाराशीं येतें. निसर्ग माणसाच्या सुखदुःखांत गुंतला कीं त्याचें वर्णन आपोआप जिवंत होतें.

यावर कोणी म्हणेल, चार दिवस विसाव्यास गेलेल्या माणसानें समाजशास्त्र कां लिहावें? आक्षेप रास्त आहे. आनंद घेणें हें पाप नव्हे, व प्रत्येक लेखांत गाऱ्हाणें मांडावें असाही आमचा आग्रह नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं जें डोळ्यांसमोर असतें तें तरी दिसावें. जेवणांत ताटांत आलेला मासा ज्यानें धरला, त्याच्या होडीकडे दृष्टि जाण्यास विद्वत्ता लागत नाहीं.

आम्ही संग्रामपूरचे. समुद्र येथून फार दूर. पण खारें पाणी घरचेंच आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत आमच्या विहिरी आहेत, आणि मूत्रपिंडाच्या विकारानें पोखरलेलीं घरें या भागांत शोधावीं लागत नाहींत. उद्यां एखादा रसिक अंबाबरव्याचें अरण्य पाहण्यास आला, सातपुड्याच्या निळ्या रांगेवर त्यानें सुंदर लेख लिहिला, आणि त्यांत आमच्या घागरींतील पाण्याचा शब्दही नसला, तर त्या लेखास आपण काय म्हणूं? खोटा म्हणतां येणार नाहीं. पण आपला म्हणून घरांत ठेवण्यासही मन घेणार नाहीं.

यंदाच्या सुटींत शेगांवास गाडींत बसून जीं कुटुंबें किनाऱ्याकडे निघतील, त्यांनीं हा प्रश्न बरोबर न्यावा. तेथें आपण पाहुणे आहों, आणि पाहुण्यानें यजमानाची विचारपूस करावी ही तर आपली जुनीच रीत आहे.