परकीय कर्मचाऱ्यांचे मराठी शिक्षण : फोर्ट विल्यम महाविद्यालयातील पाठ्यग्रंथांची चिकित्सा

प्रस्तावना

नोकरीच्या निमित्ताने परक्या प्रदेशात आलेल्या माणसांना तेथील भाषा शिकवण्याचा प्रश्न जागतिकीकरणानंतर निर्माण झालेला नवा प्रश्न म्हणून मांडला जातो. मराठीपुरता विचार केला तर या प्रश्नाला दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत इंग्लंडहून येणाऱ्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी कलकत्त्यात फोर्ट विल्यम महाविद्यालय स्थापन झाले आणि मराठीचे एक आरंभीचे मुद्रित व्याकरण, पहिला मुद्रित कोश व आरंभीचे मुद्रित गद्य या उपक्रमाच्या आश्रयाने सिद्ध झाले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या ग्रंथांची नोंद घेतली आहे. परंतु ती प्रामुख्याने मुद्रणाचा आणि गद्याचा प्रारंभ म्हणून. नोकरीतील परकीय माणसांसाठी चालवलेला भाषाशिक्षणाचा कार्यक्रम या दृष्टीने त्या ग्रंथांची परीक्षा क्वचितच झाली आहे.

अशा कार्यक्रमाचे मूल्यमापन सामान्यतः किती जण परीक्षा उत्तीर्ण झाले यावरून केले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही कसोटी अपुरी आहे. कार्यक्रमात कोणाची भाषा शिकवली गेली आणि शिकणाऱ्याची चूक दाखवून देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे दोन प्रश्न अधिक मूलभूत आहेत.

कार्यक्रमाची रचना

लॉर्ड वेलस्ली यांनी महाविद्यालयाचा कायदा १० जुलै १८०० रोजी केला. मात्र श्रीरंगपट्टणच्या विजयाचा पहिला वाढदिवस म्हणून त्यावर ४ मे १८०० ही तारीख घातली गेली. संस्थेच्या जन्मतारखेतच विजयाची स्मृती गुंफलेली आहे, ही गोष्ट तिच्या हेतूवर पुरेसा प्रकाश टाकते. काही विशिष्ट अधिकारपदांवर नेमणूक होण्यासाठी भाषेचे ज्ञान आवश्यक ठरवण्यात आले होते. म्हणजे भाषा ही या तरुणांच्या दृष्टीने बढतीची पायरी होती. अरबी, फारसी, संस्कृत, हिंदुस्थानी व बंगाली यांच्याबरोबर मराठी, तेलुगू, तमिळ आणि कन्नड या भाषांचाही अभ्यासक्रमाच्या मूळ योजनेत उल्लेख होता.

मराठीला प्रत्यक्ष महत्त्व आले ते राजकीय घडामोडींमुळे. १८०३ मध्ये असईची लढाई झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह होऊन कटक प्रांत कंपनीकडे गेला. १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सेरामपूरच्या मिशन छापखान्यात छापले गेले. रणांगण आणि व्याकरण यांच्यातील हे सान्निध्य केवळ योगायोगाचे मानता येत नाही.

अध्यापक कोण?

महाविद्यालयाच्या कागदोपत्री अध्यापक होते कॅरी. प्रत्यक्षात भाषा येत होती ती पंडितांना आणि मुनशींना. या दोहोंतील अंतर वेतनावरून स्पष्ट होते. १८०१ मध्ये बंगाली व संस्कृतचे अध्यापक म्हणून कॅरी यांना दरमहा ५०० रुपये मिळू लागले. त्यांच्या हाताखालील बंगाली विभागाचे मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना २०० रुपये, तर कनिष्ठ पंडितांना ४० रुपये मिळत. मराठी विभागाचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य कॅरी यांनी नमूद केले आहे. तरीही व्याकरण आणि कोश हे दोन्ही ग्रंथ ओळखले जातात ते कॅरी यांच्याच नावाने.

हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. भाषाशिक्षणात चूक दुरुस्त करणारा माणूस शिकणाऱ्याच्या वरचा, निदान बरोबरीचा असावा लागतो. येथे दुरुस्त करणारा पंडित पगाराने, वंशाने आणि पदाने विद्यार्थ्याच्या खाली होता. उद्या जिल्ह्याचा अधिकारी होणाऱ्या मुलाला ‘हे असे म्हणत नाहीत’ असे सांगण्याइतकी सत्ता त्याच्याजवळ नव्हती. शिसिरकुमार दास यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात साहेब आणि मुनशी यांच्या या संबंधांचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. अध्यापकाला ज्ञान आहे पण अधिकार नाही, आणि विद्यार्थ्याला अधिकार आहे पण ज्ञान नाही, ही विसंगती या कार्यक्रमाच्या मुळाशीच होती.

संवाद आणि कथा : दोन प्रकारची पाठ्यसामग्री

महाविद्यालयाच्या पाठ्यग्रंथांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार संवादांचा. कॅरी यांच्या १८०१ मधील बंगाली ‘कथोपकथन’ या पुस्तकात चाकर ठेवणे, साहेबाचे हुकूम, साहेब व मुनशी यांचे बोलणे असे विषय आहेत. परंतु त्याचबरोबर मजुरांचे बोलणे, भिकाऱ्याचे बोलणे, हाटबाजार, ऋणको व सावकार यांचा व्यवहार आणि बायकांचे भांडणही आहे. बोलणाऱ्याच्या स्वाभाविक शैलीत हे संवाद लिहिण्याचे काम आपण जाणत्या देशी माणसांकडे सोपवले, असे कॅरी स्वतः सांगतात. १८०५ च्या मराठी व्याकरणालाही परिचित विषयांवरील संवाद जोडलेले आहेत, हे त्याच्या शीर्षकातच नोंदवलेले आहे.

बर्नार्ड कोह्न यांनी १९८५ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी देशी भाषा शिकण्यामागे भाषेवर आणि भाषेद्वारे माणसांवर हुकमत मिळवण्याची प्रेरणा होती. हे विवेचन बव्हंशी मान्य होण्यासारखे आहे. परंतु बायकांच्या भांडणाचा संवाद त्यात बसत नाही. त्या प्रसंगात साहेब कोठेच नाही. कोणी त्याला उद्देशून बोलत नाही आणि तोही कोणाला हुकूम देत नाही. तो प्रसंग शिकणाऱ्याला केवळ ऐकावा लागतो. हुकमतीसाठी रचलेल्या अभ्यासक्रमात ऐकण्याचा एक पाठ अशा रीतीने शिरला, आणि तो शिरला देशी लेखकांच्या हातून. कार्यक्रमाचा हेतू आणि त्याची उत्तम पाने यांच्यात असे अंतर असू शकते, हे समीक्षकाने लक्षात घेणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रकार कथांचा. १८१४ ते १८१६ या काळात सेरामपूरहून ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ आणि ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ ही मराठी पुस्तके प्रसिद्ध झाली. यांतील पहिली दोन संस्कृत कथापरंपरेतून आलेली. तिसरे रामराम बसू यांच्या बंगाली ग्रंथाचा अनुवाद. मराठी माणसांच्या इतिहासाशी थेट संबंध असलेले पुस्तक एकच, आणि तेही ज्या घराण्याशी कंपनीचे राजकारण चालू होते त्या घराण्याचे. बखरींचे समृद्ध गद्य मराठीत असताना शिकणाऱ्यांच्या हाती बंगालच्या राजाचे चरित्र द्यावे, ही निवड भाषेच्या गरजेतून झालेली नाही. ती कलकत्त्यात काय सहज उपलब्ध होते यातून झालेली आहे.

या निवडीचा परिणाम मराठीच्या एका वैशिष्ट्याच्या संदर्भात तपासता येतो. मराठीत साधी आज्ञासुद्धा नात्यावाचून करता येत नाही. ‘ये’, ‘या’, ‘यावे’ यांपैकी एक रूप निवडताना बोलणाऱ्याला समोरच्याचे वय, मान आणि आपले त्याच्याशी असलेले नाते ठरवावे लागते. एकाच सकाळी कचेरीत कारकून, गावचा पाटील, फिर्याद घेऊन आलेली वृद्ध स्त्री आणि एखादे शास्त्रीबुवा भेटले तर अधिकाऱ्याला चार वेगवेगळी बोलणी यावी लागतात. राजा विक्रमाच्या पुतळ्यांच्या गोष्टींतून हे शिकता येत नाही, संवादांतून येते. संवादांचा धागा मराठीत पुढे वाढला नाही आणि कथांचा वाढला, ही या पाठ्यग्रंथांची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

कॅरी यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मराठीत त्यापूर्वी छापील कोश नव्हता, टंकसुद्धा नव्याने पाडावे लागत होते. मराठी बोलणारा समाज शेकडो मैल दूर होता. अशा स्थितीत काही वर्षांत इतकी सामग्री उभी करणे हे कष्टाचे आणि निष्ठेचे काम होते. टीकेचा रोख त्या कष्टांवर नसून कार्यक्रमाच्या दिशेवर आहे.

लिपीचा प्रश्न

एका बाबतीत मात्र या कार्यक्रमाने कामाची गरज नेमकी ओळखली. १८०५ चे व्याकरण देवनागरीत छापले गेले, तर १८१० च्या कोशात मराठी शब्द मोडीत आहेत. मराठी राज्यांचा पत्रव्यवहार, हिशेब, वहिवाटीचे कागद मोडीत लिहिले जात. केवळ बालबोध वाचणाऱ्या अधिकाऱ्याला समोरचा अर्ज वाचता आला नसता. तो कारकुनावर अवलंबून राहिला असता. पुस्तकाच्या शोभेपेक्षा कचेरीतील कागदाला दिलेले हे प्राधान्य कामाच्या ठिकाणच्या भाषाशिक्षणाचे योग्य तत्त्व होते. पुढे मुद्रणात बालबोधच स्थिरावली आणि मोडी हस्तलेखनापुरती उरली. त्यामुळे छापील पाठ्यपुस्तकाची मराठी आणि दप्तरातील मराठी यांच्यात जी दरी पडली, ती कोशकाराच्या या निर्णयाचे महत्त्व अधोरेखित करते.

मुंबई-पुण्याकडील पुढचा टप्पा

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर मराठी शिकण्याची गरज मुंबई इलाख्यात केंद्रित झाली. तेथे १८०८ मध्येच रॉबर्ट ड्रमंड यांनी गुजराती व मराठीच्या व्याकरणावर पुस्तक प्रसिद्ध केले होते. १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांचा कोश आला. १८२९ मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके आदी शास्त्र्यांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रकाशित झाला आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. स्वतः मोल्सवर्थ हे कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत आलेले, म्हणजे मुळात या भाषाशिक्षणाचेच एक विद्यार्थी होते.

मोल्सवर्थ यांच्या कोशात म्हणी, वाक्प्रचार, कोकणातील व देशावरील बोलीरूपे आणि ग्राम्य म्हणून वगळले जाणारे शब्द मोठ्या प्रमाणावर आहेत. ‘कथोपकथना’तील ऐकण्याचा धागा येथे कोशाच्या रूपाने पुन्हा दिसतो. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीनंतरही हा कोश टिकून राहिला, तो मुख्यतः या ऐकण्यामुळे.

परंतु याच टप्प्यावर आणखी एक उलथापालथ झाली. मोल्सवर्थ यांचे सहकारी थॉमस कँडी पुढे सरकारी मराठी भाषांतरकार झाले आणि शालेय पुस्तकांची मराठी त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. मराठीतील विरामचिन्हांच्या पद्धतीला त्यांनी वळण लावले, हे योगदान निर्विवाद आहे. मात्र परकीय कर्मचाऱ्यासाठी आखलेल्या कार्यक्रमातील विद्यार्थी मराठी मुलांच्या पुस्तकांचा तपासनीस झाला, ही घटना साधी नाही. कलकत्त्यात पंडिताला साहेबाची चूक दुरुस्त करण्याचा अधिकार नव्हता. येथे साहेबाला पंडिताची मराठी दुरुस्त करण्याचा अधिकार मिळाला. दादोबा पांडुरंग यांचे १८३६ मधील ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. परकीयाला शिकवण्यासाठी नव्हे, तर मराठी माणसाला आपली भाषा समजावी म्हणून मराठीतच लिहिलेले ते व्याकरण होते.

समारोप

फोर्ट विल्यम महाविद्यालय १८५४ मध्ये बंद झाले. त्यातून उद्भवलेले प्रश्न मात्र संपलेले नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अमराठी कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाची निम्नस्तर व उच्चस्तर मराठी भाषा परीक्षा आहे. दुसरीकडे महाराष्ट्रातील तरुणांना जर्मनीत नोकरीसाठी पाठवण्याच्या दृष्टीने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार झाला आणि जर्मन भाषेचे शिक्षण त्याचा भाग ठरले. या दुसऱ्या प्रसंगी शिकणारा अधिकारी नसून श्रम करणारा आहे. सत्तेची दिशा उलटली आहे. तेथे चूक दुरुस्त करणाऱ्यापाशी सगळा अधिकार असेल आणि शिकणाऱ्याला आपल्याला समजले नाही एवढे म्हणण्याचीही भीती वाटेल, तर कार्यक्रम वेगळ्या वाटेने त्याच जागी येऊन पोहोचेल.

सेरामपूरच्या पुस्तकांवरून निष्पन्न होणारा निष्कर्ष मर्यादित परंतु स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी शिकवायची भाषा ही तेथे प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसांकडून घेतली पाहिजे, तिच्यात हुकमाइतकेच ऐकण्याचे पाठ असले पाहिजेत आणि शिकवणाऱ्याला चूक दाखवण्याचा व शिकणाऱ्याला ती करण्याचा सन्मानपूर्वक अधिकार असला पाहिजे. कंपनीच्या कार्यक्रमाने यांपैकी पहिल्या दोन गोष्टी काही पानांपुरत्या साधल्या. तिसरी त्याला कधीच साधता आली नाही. वैजनाथ शर्मा यांचे नाव व्याकरणाच्या मुखपृष्ठावर नसणे हा त्या अपयशाचा लहानसा, पण ठळक पुरावा आहे.