पोथीने राखलेला संशय

हाताने घडविलेल्या, एकाच प्रतीच्या पुस्तकांना अलीकडे कलादालनांत मान मिळू लागला आहे. ज्ञानाचे रूप कसे पालटते, हा त्यांतील कित्येकांचा विषय असतो. मराठीला तो नवा नाही. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीहून माहूर फार लांब नाही. महानुभावांच्या श्रीदत्तात्रेय प्रभूंचे ते स्थान. या पंथात पोथी पूज्य आहे. आम्ही येथे तिच्याकडे ज्ञानाविषयी काही सांगणारी हस्तकृती म्हणून पाहत आहोत.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केलेले 'लीळाचरित्र' पुढे धामधुमीत हरवले. अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा उभे केले. आठवणी जुळेनात, तेव्हा एक पाठ खरा ठरवून बाकीचे टाकून दिले गेले नाहीत. हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास यांचे पाठ सांभाळले गेले. 'वासना', 'शोधु' अशा खुणा करून निराळे वृत्तान्त मजकुरातच बसविले गेले. श्रद्धेच्या ग्रंथाने आपला संशय असा उघड्यावर ठेवावा, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते. डॉ. वि. भि. कोलते यांच्या 1978 च्या आवृत्तीचे ऋण मोठेच आहे. तरी एक संहिता हवी असणाऱ्या छपाईला ही बहुमुखी पोथी सहजी पेलत नाही.

मात्र याच हातांनी पुढे पोथ्या सकळ लिपीत कुलूपबंद केल्या. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या या लिपीने ग्रंथ जपले खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती उकलीपर्यंत मराठीचे आद्य गद्य बहुतेक मराठी वाचकांना परकेच राहिले. एवढी किंमत योग्य होती काय? आमच्या मते नव्हती.

फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चे भाग्य नेमके उलट. ते लपविले गेले नाही. 1616, 1649 आणि 1654 असे तीनदा छापले गेले. त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही! ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत. त्यांच्याच आधारे 1907 साली सालडाना यांनी मंगळूरला नवी आवृत्ती काढली. छापील पुराण रोमन लिपीत होते. लंडनमध्ये जपलेली मार्सडेन संग्रहातील हस्तलिखित प्रत मात्र देवनागरीत आहे.