उलटें फिरविलेलें घड्याळ

कॉनरॅड वॅडिंग्टन ह्या इंग्रज जीवशास्त्रज्ञाच्या १९५७ सालच्या ग्रंथांतील एक चित्र प्रसिद्ध आहे. उताराच्या माथ्यावर एक गोटी. खालीं फांटे फुटत गेलेल्या दऱ्या. गोटी ज्या दरींत शिरली ती तिची कायमची वाट. गर्भांतील पेशी पुढें त्वचा, मज्जातंतु किंवा रक्त कशी होते हें सांगणारें इतकें बोलकें रूपक शास्त्रीय वाङ्मयांत विरळाच.

२००६ सालीं क्योटो येथें ताकाहाशी व शिन्या यामानाका ह्यांनीं उंदराच्या तंतुपेशींत अवघीं चार जनुकें घालून ती गोटी पुन्हां माथ्यावर नेली. २००७ मध्यें मानवी पेशींतही तें साधलें. तेव्हांपासून लोकप्रिय लेखांत 'घड्याळ उलटें फिरविलें', 'पेशीचा कायाकल्प झाला' अशा शब्दांची रेलचेल आहे. आमचा आक्षेप ह्या शब्दांवर आहे, आणि आमची साक्षीदार रक्तपेशी आहे.

शरीरांतील कोणतीही पेशी होऊं शकणाऱ्या अशा मूलपेशी २०१० सालीं रक्तांतील टी-पेशींपासून, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका जातीपासून, तयार झाल्या. (तांबड्या पेशींना केंद्रकच नसल्यानें हा मान त्यांस लाभत नाहीं.) आतां टी-पेशी थायमस ग्रंथींत घडतांना आपल्या ग्राहक-रेणूचीं जनुकें कापते, मधला भाग टाकून देते व उरलेलीं टोकें जोडते, त्याच जोडणीनें ती आपला शत्रु ओळखते. पुढें तिची मूलपेशी झाली, तरी ती कापणी तशीच राहते. जुन्या ग्रंथाच्या समासांतील पेन्सिलीच्या खुणा पुसतां येतात. त्याही पुरत्या पुसल्या जात नाहींत, हें त्याच वर्षीं दिसून आलें. पण फाडलेलें पान परत येत नाहीं. वॅडिंग्टनची गोटी मात्र गुळगुळीत. तिच्यावर ओरखडा उमटण्याची सोयच नाहीं. घड्याळ तर त्याहून वाईट. कांटे मागें नेले कीं जणूं कांहीं घडलेंच नव्हतें!

आणि हा व्रण केवळ दोष आहे असेंही नाहीं. २०१३ सालीं जपानी संशोधकांनीं विशिष्ट शत्रु ओळखणाऱ्या टी-पेशींच्या मूलपेशी करून त्यांपासून पुन्हां टी-पेशी घडविल्या, तेव्हां ती ओळख ह्या व्रणामुळेंच टिकली. खरोखरीचा कायाकल्प झाला असता तर प्रयोगाला अर्थच उरला नसता.

कोणी म्हणेल, शब्दांवरून एवढा वाद कशाला? परंतु दुखणाईताच्या कानीं पडतो तो शब्दच. मूळच्या चार जनुकांपैकीं सी-मिक हें अर्बुदांशीं संबंध असलेलें. शिवाय रोग्याला दिलेल्या पेशींत अशी एखादी मूलपेशी न बदलतां राहिली, तर तिची गांठ होऊं शकते. 'कायाकल्प' हा शब्द ऐकणाऱ्याला ह्याची शंकाही येत नाहीं.