मुक्या सोयऱ्यांचा शोक

घरांतील कुत्रें किंवा मांजर मेलें म्हणजे घरांतल्या माणसांची मोठी चमत्कारिक अवस्था होते. दुःख तर होतें. पण तें सांगावें कोणाला? सुतक नाहीं, समाचाराला कोणी येत नाहीं, आणि डोळे पुसावे तर शेजारी हंसतो. साहित्यांतहि हा शोक असाच ओशाळवाणा होऊन येतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिर कुत्र्यावांचून स्वर्ग नाकारतो खरा; परंतु अखेर तें कुत्रें साक्षात् धर्मच ठरतें, आणि केवळ कुत्र्यासाठीं स्वर्ग सोडणाऱ्या माणसाची गोष्ट ऐन वेळीं हातची निसटते. आमच्या मराठींत हा विषय बहुधा विनोदाच्या वांट्यास गेला. पु. ल. देशपांडे यांचा ‘पाळीव प्राणी’ हा लेख वाचून पोट धरधरून हंसावें लागतें. पण त्याचे खरे नायक जनावरें पाळणारीं माणसें आहेत, जनावरें नव्हेत.

म्हणूनच हिंदीतील थोर कवयित्री महादेवी वर्मा (१९०७–१९८७) यांच्या ‘मेरा परिवार’ या १९७२ सालच्या पुस्तकाकडे मराठी वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. त्यांच्या घरीं वाढलेल्या खार, मोर, हरिणी, गाय, ससा, मुंगूस इत्यादिकांचीं हीं शब्दचित्रें. बहुतेकांचा शेवट मृत्यूंत होतो, आणि तो होणार हें वाचकाला आधींच कळून चुकतें. तरीहि पुस्तक रडवें झालेलें नाहीं. लेखिका स्वतःच्या दुःखाविषयीं थोडें बोलते. बोलते ती त्या त्या जीवाच्या संवयींविषयीं.

‘गिल्लू’ हें कावळ्यांनीं टोंचून घायाळ केलेलें खारीचें पिलूं. तें बरें झालें, मोठें झालें, आणि खिडकीच्या जाळीपाशीं बसून बाहेरच्या खारींकडे टक लावून पाहूं लागलें, तेव्हां लेखिकेनें जाळीचा एक कोपरा मोकळा करून दिला. दिवसभर बाहेर हिंडून गिल्लू सायंकाळीं आपण होऊन परत येई. पाळणें आणि कोंडणें यांतील भेद इतक्या थोडक्यांत सांगितलेला आम्हीं अन्यत्र वाचला नाहीं. लेखिका मोटारीच्या अपघातामुळें इस्पितळांत असतां त्यानें आपल्या आवडीचे काजूहि फारसे खाल्ले नव्हते, हें ती परतल्यावर त्याचा झोपाळा झाडतांना उघड होतें. खारीचें आयुष्य तें केवढें! शेवटच्या रात्रीं तो झोपाळ्यावरून उतरून तिच्या अंथरुणावर येतो आणि गार पडलेल्या पंजांनीं तिचें बोट धरून ठेवतो. पुढें पिवळ्या जुईच्या वेलीखालीं त्याला पुरतात, झोपाळा काढून ठेवतात, जाळी बंद होते. ज्यांच्या घरांत एखादी रिकामी वाटी किंवा गळ्याचा पट्टा अजून खुंटीवर आहे, त्यांना या साध्या कृत्यांचें वजन सांगावयास नको.

‘गौरा’ हें चित्र याहून कठोर आहे. बारा शेरांच्या आसपास दूध देणारी ही गाय घरीं आली, आणि त्या घरीं पूर्वीं दूध घालणाऱ्या गवळ्याचा धंदा बुडाला. त्यालाच दूध काढण्यास ठेविलें. त्यानें गुळांत घालून सुई चारली. ती सुई काळजाकडे सरकत असतां गाय दिवसेंदिवस खंगत गेली, आणि पाहण्यावांचून कोणाच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. गौराला शेवटीं गंगेकडे नेऊं लागले, तेव्हां तिचें वासरूं लालमणि हाहि कांहीं खेळच असें समजून उड्या मारीत राहिलें. यानंतर लेखिकेनें आपल्या गोपालक देशाला उद्देशून एक उद्गार काढला आहे. तो नसता तर बरें झालें असतें. लालमणि तेथें पुरेसा होता.

आमचा खरा आक्षेप ‘नीलकंठ’ या लेखावर आहे. मोराच्या आवडत्या लांडोरीला ‘राधा’ म्हटलें, आणि मागाहून आणलेल्या, पाय मोडलेल्या लांडोरीला ‘कुब्जा’! नांव पडलें तेथेंच न्याय झाला. पुढें ती राधेला टोंचते, तिचीं अंडीं फोडते; हें सारें नांवाला साजेशा दुष्टपणाच्या खातीं जमा होतें. जोडीदारासाठीं भांडणें हा पांखरांचा स्वभाव. त्याला पुराणांतली सवत कशाला केली? जी लेखणी खारीला खारच राहूं देते, तिनें या लंगड्या लांडोरीला मात्र लांडोर राहूं दिलें नाहीं. शोकहि मग नीलकंठाच्या वांट्याला सगळा, आणि तिच्या वांट्याला शिंतोडा.

‘सोना’ या हरिणीच्या लेखांत मात्र लेखिका पुन्हां आपल्या उंचीवर येते. ती स्वतः बदरीनाथाच्या यात्रेस गेली असतां, हरिणी आवाराबाहेर जाईल या भीतीनें माळ्यानें तिला लांब दोरीनें बांधलें; दोरीचा विसर पडून तिनें उंच उडी घेतली, आणि ती तोंडघशीं पडून मेली. माळ्याचा हेतु राखण्याचाच होता. पाळलेल्या जीवाच्या मरणांत हा सल बहुधा असतोच: आपण घरीं असतों तर, दोरी आंखूड असती तर. लेखिका त्यावर मलमपट्टी करीत नाहीं. हरीण पुन्हां पाळावयाचें नाहीं, असा तिनें निश्चय केला होता; आणि एका ओळखीच्या घरून दुसऱ्या पाडसासाठीं पत्र आलें तेव्हां तो मोडावा लागत आहे, हें ती लेखाच्या आरंभींच सांगून टाकते.

हिंदी संस्कृतप्रचुर असल्यानें मराठी वाचकाला ती जड जाणार नाहीं. पाठ्यपुस्तकांतून ‘गिल्लू’ अनेक मुलांनीं वाचलेला असेलच. ‘गौरा’ मुलांना वाचून दाखविण्यापूर्वीं वडील माणसांनीं तो एकदां एकटें बसून वाचावा.