शर्यत, वाटा आणि पुराणकथा

प्राचीन वाङ्मयातील शर्यतींच्या वर्णनांकडे पाहण्याच्या दोन रीती अभ्यासकांमध्ये रूढ आहेत. पहिली क्रीडेच्या इतिहासकाराची. रथाला घोडे किती, वळणाचा खांब कसा रोवलेला, सारथ्याचे कौशल्य कशात, एवढी माहिती हाती आली की तिचे समाधान होते. दुसरी रीत प्रतीकांचा शोध घेणाऱ्याची. तिला धावणाऱ्या रथात सूर्य दिसतो आणि फिरणाऱ्या चाकात संवत्सर. या दोन्ही रीतींनी अभ्यासात मोलाची भर घातली आहे. मात्र दोन्हींच्या हातून एक गोष्ट निसटते. पुराणकथेतील शर्यत अंतिम खुणेपाशी क्वचितच संपते. पहिला कोण आला हे ठरल्यानंतर कोणाला काय मिळावे, हा प्रश्न उरतो. कथेचे खरे लक्ष या दुसऱ्या प्रश्नाकडे असते.

होमरच्या ‘इलियड’मधील तेविसावे पर्व या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर अकिलीस रथांची शर्यत लावतो आणि ती सुरू होण्यापूर्वीच पाच बक्षिसे मांडून ठेवतो. स्पर्धकही पाचच आहेत; म्हणजे रिकाम्या हाताने कोणी परतू नये अशीच ही मांडणी आहे. डायोमिडीस पहिला येतो आणि त्याच्या यशाबद्दल वाद होत नाही. वाद माजतो तो खालच्या क्रमांकांवरून. युमेलस हा उत्तम सारथी. पण अथीना देवी त्याच्या रथाचे जू मोडते आणि तो सर्वांत शेवटी येतो. त्याची कीव येऊन अकिलीस त्याला दुसरे बक्षीस देऊ करतो. तोच, वाट अरुंद झालेल्या जागी धोकादायक रीतीने रथ पुढे काढून दुसरा आलेला तरुण अँटिलोकस हरकत घेतो. अकिलीस हसून ती मान्य करतो आणि युमेलसला एक वेगळे चिलखत देतो. मग मेनेलॉस उठतो. घोड्यांना हात लावून, पोसायडन देवाला स्मरून, कपट केले नाही अशी शपथ घे, असे तो अँटिलोकसला सांगतो. अँटिलोकस शपथ घेत नाही; जिंकलेली घोडी तो मेनेलॉसच्या हवाली करतो. राग शमलेला मेनेलॉस ती त्याला परत देतो. उरलेले पाचवे बक्षीस, स्पर्धेत न उतरलेल्या वृद्ध नेस्टरला मिळते.

शर्यत संपल्यावर शंभराहून अधिक ओळी या वाटपात खर्ची पडतात. त्या अनावश्यक आहेत असे केवळ क्रीडेचा वृत्तान्त शोधणाऱ्यालाच वाटेल. ‘इलियड’चा आरंभच मुळी वाटपाच्या कलहातून झालेला आहे. आगमेम्नॉनने अकिलीसच्या वाट्याची स्त्री हिरावून घेतली आणि त्या अपमानातून सगळा अनर्थ ओढवला. तोच अकिलीस येथे वाटप करणारा होतो, आणि जे आगमेम्नॉनला साधले नाही ते साधून दाखवतो. शर्यतीच्या निमित्ताने महाकाव्य आपल्याच आरंभीच्या प्रश्नाला उत्तर देते.

‘ऐतरेय ब्राह्मणा’च्या चौथ्या पंचिकेत देवांच्या शर्यतीची कथा आहे. मार्टिन हाउग याने १८६३ मध्ये मुंबईत या ग्रंथाची मूळ संहिता आणि इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून ती आधुनिक अभ्यासकांच्या परिचयाची आहे. सूर्या सावित्रीच्या विवाहप्रसंगी प्रजापतीने सहस्र ऋचांचे एक शस्त्र, म्हणजे यज्ञात म्हणावयाचे स्तुतिपठन, सिद्ध केले. ते कोणाचे यावर देवांचे एकमत होईना. म्हणून शर्यत ठरली. अग्नी खेचरींच्या रथातून धावला, उषा तांबड्या गाईंच्या, इंद्र घोड्यांच्या आणि अश्विनीकुमार गाढवांच्या. जिंकले अश्विनीकुमार.

मात्र कथेचा गाभा या विजयात नाही. अश्विनीकुमार पुढे असलेल्या एकेका देवाला गाठून वाट मागतात. प्रत्येक देव वाट देतो, पण त्या शस्त्रात आपलाही वाटा असावा या अटीवर. त्यामुळे शस्त्राला नाव मिळाले ‘आश्विन’. पण त्यात अग्नीच्या, उषेच्या आणि इंद्राच्या ऋचाही म्हटल्या जातात. धावण्याची किंमत कोणी मोजली याचाही हिशेब ब्राह्मणकार ठेवतो. अग्नीने हाकताना खेचरींची गर्भाशये जाळली, म्हणून त्या वांझ राहिल्या. गाढवाचा वेग अश्विनीकुमारांनी खर्चून टाकला, म्हणून वाहनांमध्ये ते सर्वांत मंद झाले. परंतु त्याचे रेत त्यांनी हिरावून घेतले नाही. म्हणून घोडी आणि गाढवी या दोघींच्या ठायी त्याचा वंश चालतो. जिंकून देणाऱ्या मुक्या जनावरालाही कथा हिशेबातून वगळत नाही.

वैदिक यज्ञाचे अभ्यासक हेस्टरमन यांनी आपल्या १९८५ आणि १९९३ च्या ग्रंथांत असे प्रतिपादन केले आहे की, मूळ यज्ञ हा प्रतिस्पर्ध्यांमधला खराखुरा, जीवघेणा संघर्ष होता आणि पुढील याज्ञिकांनी त्यातून प्रतिस्पर्ध्यालाच वगळले. वाजपेय यज्ञातील रथांची धाव या मताला पोषक आहे. तेथे सतरा रथ धावतात आणि जिंकतो तो यजमानच. निकाल आधीच ठरलेला असल्याने ती स्पर्धा उरत नाही, विधी होतो. हे मत मान्य केले तरी ऐतरेयातील कथा तिसरी शक्यता दाखवते. तेथे प्रतिस्पर्धी नष्ट होत नाही आणि वगळलाही जात नाही. तो वाटेकरी होतो. संघर्ष आणि निव्वळ विधी यांच्या मधली ही जागा साहित्याची आहे, कारण करार करणाऱ्या व्यक्ती आणि त्यांचे बोलणे तेथेच संभवते.

वाटा नाकारला तर काय होते, याचे उत्तर पेलॉप्सच्या कथेत मिळते. राजा ओइनोमाउस आपल्या मुलीला मागणी घालणाऱ्या प्रत्येकाशी रथाची शर्यत लावी आणि हरलेल्याला ठार करी. प्रचलित कथेनुसार पेलॉप्सने राजाचा सारथी मिर्टिलस याला फितवले, रथात बिघाड करवला आणि जिंकल्यावर ठरलेला मोबदला देण्याऐवजी त्यालाच समुद्रात लोटले. त्याच्या शापाने पुढे सगळे घराणे पोळले. पिंडारने इ. स. पू. ४७६ मध्ये हिएरॉनच्या घोड्याने ऑलिम्पियात मिळवलेल्या विजयावर स्तोत्र रचले. त्यात पेलॉप्सला पोसायडनकडून सोन्याचा रथ आणि पंखांचे घोडे मिळतात. मिर्टिलसचा उच्चारही नाही. विजेत्याच्या गौरवगीतात देणेकऱ्याची आठवण परवडणारी नव्हती, हे उघड आहे.

सोफोक्लीसने मात्र ती जपली. ‘इलेक्ट्रा’ नाटकातील वृंद घराण्याच्या दुःखाचे मूळ पेलॉप्सच्या त्या धावेत आणि मिर्टिलसच्या मृत्यूत पाहतो. पुढे त्याच नाटकात, डेल्फीच्या रथशर्यतीत पेलॉप्सचा वंशज ओरेस्टीस मेला, असा सविस्तर वृत्तान्त सांगितला जातो. तो सपशेल खोटा आहे. ओरेस्टीस जिवंत आहे आणि सूड घ्यायला आला आहे. कपटाने जिंकलेल्या खऱ्या शर्यतीचे देणे फेडले जाते ते कधीच न झालेल्या शर्यतीच्या कपटी वर्णनाने. क्रीडेच्या इतिहासकाराला या वर्णनातून रथशर्यतीचे कितीही तपशील मिळाले, तरी नाटकातील त्याचे हे स्थान दृष्टीआड झाले तर त्याचा अर्थ हाती लागत नाही.

या तीन कथा तीन वेगळ्या वाङ्मयप्रकारांतल्या आहेत आणि त्यांच्यात उसनवारी झाली असे म्हणण्याचे कारण नाही. महाकाव्य वाटपाचा प्रश्न माणसांच्या संवादातून सोडवते, ब्राह्मणग्रंथ तो विधीच्या रचनेत सामावून घेतो, आणि शोकनाटक तो न सुटल्याचे परिणाम दाखवते. तरी तिन्हींची धारणा एक आहे : वेग हा दावा मांडण्याचे साधन आहे, दाव्याचा निवाडा नव्हे. मराठी भाषेलाही हे अपरिचित नाही. ‘पैज’ हा शब्द ‘प्रतिज्ञा’वरून आला आहे, आणि ‘शर्यत’ या शब्दाला जुन्या वापरात अट, करार असाही अर्थ होता. धावणे नंतरचे, आधी शब्द दिलेला असतो. प्राचीन शर्यतींच्या वाचकाने धुळीच्या लोटाकडे जरूर पाहावे. पण तो खाली बसल्यावर त्या शब्दाचे काय झाले, हे विचारल्याशिवाय ग्रंथ मिटू नये.