शुद्धलेखनाच्या परीक्षेत नापास कोण होतो?

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील एखाद्या वाक्यावरून आपण मोर्चे काढतो. पण सहावी-सातवीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत शुद्धलेखन, समानार्थी शब्द आणि व्याकरण यांना दिलेले गुण निमूटपणे मान्य करतो. भाषेचे नियम सर्वांना सारखेच, त्यांत जात कुठून आली, असा आपलाही समज असतो. हा समज मला तपासून पाहायचा आहे.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्यांतला एक नियम असा: अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा, शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर मात्र मुळाप्रमाणे लिहावा. म्हणून 'फूल' दीर्घ, 'गुण' ऱ्हस्व. 'गरीब' दीर्घ, 'विष' ऱ्हस्व. मराठी जीभ मात्र 'गूण', 'वीष' असेच म्हणते, मग ती कोणत्याही जातीची असो. कानावर विश्वास ठेवून लिहिणारे मूल येथे चुकते. चुकू नये म्हणून कोणता शब्द संस्कृत आणि कोणता मराठी, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. म्हणजे परीक्षा मराठीची आणि किल्ली संस्कृतची! बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्यांना फारसी घ्यावी लागली. त्यांच्या समाजातील मुलाच्या हाती ही किल्ली कोणी दिली? ज्याच्या घरी पुस्तके आहेत ते मूल शब्दाचे रूप नुसते पाहून शिकते. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याला शाळेनेच ते शिकवले पाहिजे. शाळा शिकवत नाही, नुसती तपासते.

आणि हे नियम काही देवाघरून आलेले नाहीत. पूर्वी 'नांव', 'गांव', 'पांच' हेच शुद्ध होते. महामंडळाने न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि कालची चूक आज शुद्ध ठरली. व्याकरणाचेही तेच. संतांच्या ओवी-अभंगांतील 'म्यां' आपण प्राचीन रूप म्हणून कौतुकाने शिकवतो. वस्तीतल्या मुलाने 'म्या पाहिलं' लिहिले की त्यावर लाल रेघ ओढतो.

शब्दसंपत्तीच्या प्रश्नात तर हा पक्षपात उघडच दिसतो. पाण्याला जल, नीर, उदक, तोय हे शब्द लिहिले की गुण मिळतात. मांगवाड्यातील मुलाला दावे, कासरा, वेसण, चऱ्हाट, नाडा यांतला फरक ठाऊक असतो, कारण त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोर वळला गेला. या ज्ञानाला प्रश्नपत्रिकेत जागा नाही. ज्या पाण्याला शिवण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या पाण्याची संस्कृत नावे मात्र त्याने पाठ करावीत! म्हणींच्या संग्रहांतून तर 'गाव तिथे म्हारवाडा' ही म्हण 'चांगल्याबरोबर वाईट असायचेच' अशा अर्थाने दिलेली आढळते. असा अर्थ पाठ करणाऱ्या आमच्या मुलाने स्वतःला कोणत्या बाजूला धरायचे?

व्याकरणाचे हे हत्यार जुने आहे. निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेची टवाळी केली. फुल्यांनी विचारलेले प्रश्न शेटजी-भटजींच्या सत्तेविषयी होते. चर्चा व्याकरणाकडे वळवली की ते टाळता येत होते.

यावर आपल्यातील काही मित्र म्हणतात, शुद्धलेखनच झुगारून द्या. मला हे पटत नाही. बोलीत किती सामर्थ्य आहे हे 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांनी दाखवून दिले आहे. पण तलाठ्याकडचा अर्ज, कोर्टातील कैफियत आणि नोकरीची परीक्षा बोलीत चालत नाही. प्रमाणभाषा आमच्या मुलांना आलीच पाहिजे, आणि पूर्णपणे आली पाहिजे. माझा विरोध न शिकवता परीक्षा घेण्याला आहे. नियम शिकवताना शब्दाचे मूळ सांगा. उत्तरातला विचार आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ यांना वेगवेगळे गुण द्या. घरच्या धंद्याचे, शेताचे, वस्तीचे शब्द मुलांकडून लिहवून घ्या आणि त्यांनाही गुण द्या. 'म्या' चूक आहे असे न म्हणता, 'घरी म्या, अर्जात मी' असे सांगा. शिक्षक असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका बहुधा त्यांच्याच हातात असते.