शहराचा मध्य कोठे आहे?

आपल्या शहरात 'मध्य' ही कल्पना नावातूनच सुचविणारी तीन ठिकाणे आहेत. जुन्या शहरात सिटी चौक आहे. सिद्धार्थ उद्यानाशेजारी मध्यवर्ती बसस्थानक आहे. सिडकोने वसविलेल्या नव्या वस्तीत एका भागाचे नावच 'टाऊन सेंटर' आहे. ही तिन्ही नावे ज्यांनी दिली त्यांना आपापल्या परीने शहराचा मध्य सापडला होता, असे मानावयास हरकत नाही. परंतु पुण्यामुंबईहून आलेल्या पाहुण्यास 'शहराच्या मध्यभागी कोठे उतरू?' असे विचारावेसे वाटले, तर त्यास या तिहींपैकी एकही नाव सांगितले जात नाही. त्यास सांगितले जाते, क्रांती चौक. या चौथ्या ठिकाणाच्या नावात मध्याचा उल्लेखही नाही. हा विरोधाभास क्षुल्लक वाटेल. पण शहर कोणाचे असते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

बाहेरच्या माणसाची दृष्टी प्रथम पाहू. क्रांती चौकात चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. पूर्वेकडे जालना रोड मोंढा नाका, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, सिडको आणि चिकलठाणा विमानतळाकडे जातो. पश्चिमेस महावीर चौक लागतो. पाटीवर हे नाव असले तरी रिक्षावाल्यास 'बाबा पेट्रोल पंप' म्हटल्याखेरीज चटकन उमगत नाही. दक्षिणेस उस्मानपुरा व पुढे रेल्वे स्थानक, उत्तरेस सिल्लेखाना व पैठण गेट. एका टोकास वाळूजची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या टोकास चिकलठाण्याची, अशा लांबट शहराचा नकाशा समोर ठेवला तर बोट सहजच या चौकावर येते. पाहुण्याला हवा असतो रस्ता, आणि जेथे रस्ते मिळतात तोच त्याच्या दृष्टीने मध्य. त्यात त्याची चूक काहीच नाही.

जुना रहिवासी मात्र 'गुलमंडीवर जाऊन येतो' असे म्हणतो. कापड, सराफा, लग्नाची खरेदी, सणाचे सामान ही सारी कामे त्या एका शब्दात सामावतात. कोणी शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवतालचा बाजार सांगेल, कोणी औरंगपुरा सांगेल. क्रांती चौक त्याच्या बोलण्यात येतो तो बहुधा वाटेवरचे ठिकाण म्हणून. एकाच्या मते जे केंद्र, ते दुसऱ्याच्या मते केवळ वळण.

अशा भेदाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्याचा मान केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराकडे जातो. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या 'द इमेज ऑफ द सिटी' या ग्रंथात त्यांनी बोस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस या तीन शहरांतील रहिवाशांना आपल्या शहराचे चित्र काढावयास व वर्णन करावयास सांगितले. त्यातून त्यांनी पाच घटक निश्चित केले: मार्ग, कडा, विभाग, संगमबिंदू आणि खुणा. शहर हे दगडविटांप्रमाणेच माणसांच्या मनातही बांधलेले असते, हा त्यांचा विचार मोलाचा आहे. आपल्या शहरास तो चपखल लागू पडतो. जालना रोड हा मार्ग, जुन्या तटाची रेषा ही कडा, गुलमंडी हा विभाग, क्रांती चौक हा संगमबिंदू, तेथील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही खूण.

तथापि या ग्रंथाची एक उणीव नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे, आणि ती लिंच यांनी स्वतःच प्रांजळपणे मान्य केली आहे. बोस्टनमध्ये त्यांनी सुमारे 30 जणांना विचारले, इतर दोन शहरांत प्रत्येकी सुमारे 15 जणांना. आणि हे लोक मुख्यतः व्यावसायिक व व्यवस्थापक वर्गातील होते. म्हणजे शहराचे जे चित्र हाती आले ते ज्यांची शहरात नीट बस्तान मांडून झाली आहे अशांचे. शहरात अडखळत येणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

हा आक्षेप मला केवळ पुस्तकी वाटत नाही. एकदा रविवारच्या मिस्सेनंतर मी काही जणांना हाच प्रश्न विचारला. एका वकिलाने खंडपीठ सांगितले. एका विद्यार्थ्याने औरंगपुरा सांगितला. वैजापूर तालुक्यातून मुलाकडे आलेली एक वृद्ध माता मात्र क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "फादर, शहर म्हंजे घाटी." 1956 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. त्या माउलीने गुलमंडी पाहिली नसेल असे नाही. पण पतीच्या शेवटच्या आजारात ज्या व्हरांड्यात तिने रात्री काढल्या, तोच तिच्या शहराचा मध्य होता. लिंच यांच्या पाच घटकांत त्या व्हरांड्याला जागा नाही.

येथे एका कॅथॉलिक विचारवंताचे स्मरण उपयोगी पडेल. फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू मिशेल द सेर्तो (1925–1986) यांनी 1980 साली दैनंदिन जीवनावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या 110 व्या मजल्यावरून दिसणाऱ्या शहराचे वर्णन केले आहे. वरून पाहणाऱ्यास सारे शहर एखाद्या पानासारखे वाचता येते. खाली चालणाऱ्यास ते वाचता येत नाही, पण आपल्या पावलांनी तेच ते लिहीत असतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. 2001 साली ती इमारत राहिली नाही, विचार मात्र टिकला. नकाशावर बोट ठेवून क्रांती चौक दाखविणारा वरून पाहतो. घाटी म्हणणारी म्हातारी खालून चालत आलेली असते. मात्र सेर्तो यांचेही सारे स्वीकारावे असे मला वाटत नाही. चालणाऱ्यांच्या स्वातंत्र्याविषयी त्यांना फार विश्वास आहे. ज्याला घाटीत जावेच लागते, त्याच्या पावलांना निवड कोठे असते?

इंग्रजीत ज्यास 'डाउनटाउन' म्हणतात त्या शब्दाचा उगमही बोधप्रद आहे. तो न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाकडील जुन्या वस्तीवरून आला. शहर उत्तरेकडे वाढत गेले आणि मूळची वस्ती 'खालचे गाव' ठरली. म्हणजे जे एका टोकास होते त्यास पुढे जगभर मध्याचे नाव मिळाले. मुंबईच्या कोटाचा तट 1860 च्या दशकात पाडला गेला, तरी 'फोर्ट' हे नाव आजही चालते. तात्पर्य, मध्य हा मोजून काढावयाचा बिंदू नव्हे. कोण आत आणि कोण बाहेर याविषयीची ती एका काळाची समजूत असते.

आपल्या शहराचा इतिहास याची साक्ष देतो. 1610 साली मलिक अंबराने खडकी येथे राजधानी वसविली. 1612 चा भडकल दरवाजा आजही उभा आहे. पुढे फतेहनगर, 1653 पासून औरंगाबाद आणि 2023 पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर अशी नावे या शहरास मिळाली. 1667 च्या सुमारास येथे आलेल्या ज्याँ द थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने या मोठ्या शहरास तट नसल्याची नोंद केली आहे. तट आला तो 1682 साली, औरंगजेबाच्या आज्ञेने. तट उभा राहिला त्या दिवशी 'आतले' आणि 'बाहेरचे' असे दोन प्रकारचे लोक एकाच वेळी निर्माण झाले. पैठण दरवाज्याबाहेरचे दक्षिणेकडील माळरान 'बाहेर' ठरले. आजचा क्रांती चौक त्या बाहेरच्या भागात आहे.

आणि त्या बाहेरच्या जागेचा उपयोग काय झाला? 1857 च्या जून महिन्यात येथील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील शिपायांनी उठाव केला. जनरल वुडबर्नच्या फौजेने तो मोडून काढला. पकडलेल्या शिपायांना 'काळा चबुतरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी देहान्त शासन झाले. त्यांच्या स्मरणार्थच या चौकाचे नाव क्रांती चौक. जेथे शहराने आपले नकोसे लोक मृत्यूच्या स्वाधीन केले, तेथेच आज शहर आपला मध्य मानते. 9 ऑगस्ट 2016 रोजी राज्यभर गाजलेल्या मराठा मोर्चांपैकी पहिला याच चौकातून निघाला. 2022 च्या शिवजयंतीच्या आदल्या रात्री तेथील नव्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. ज्यांना काही मागावयाचे असते ते आज येथे येऊन उभे राहतात. आपले गाऱ्हाणे जेथून ऐकू जाईल ती जागा म्हणजे मध्य, अशी या चौकाची व्याख्या मोर्चेकऱ्यांनी केली आहे. पाहुण्याच्या व्याख्येपेक्षा आणि व्यापाऱ्याच्या व्याख्येपेक्षा ती मला अधिक खरी वाटते.

आता थोडे आपल्याकडे वळू. आपल्या नियतकालिकांतील कथा व स्मरणिकांतील लेख वाचताना एक गोष्ट जाणवते. शहर तेथे येते ते बहुधा मोहाचे स्थान म्हणून. गावचे मंदिर, घंटा आणि जपमाळ हे केंद्र, आणि शहर म्हणजे मुलगा बिघडतो ती जागा. घोगरगाव, बोरसरसारख्या गावांतील श्रद्धेची परंपरा मोठी आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या गावांतून आलेली आपली कुटुंबे आज वाळूजच्या कारखान्यांत, रुग्णालयांत, शाळांत राबत आहेत. त्यांच्या जीवनाचा मध्य कोठे आहे, हे आपल्या साहित्याने क्वचितच विचारले आहे. आपण स्वतःच आपल्याला या शहराचे पाहुणे ठरवून टाकले आहे. जो स्वतःस पाहुणा समजतो त्यास शहराचा मध्य दुसऱ्याने दाखवावा लागतो, आणि तेथील सुखदुःखाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. ही उणीव लेखनाची आहे, तशीच ती श्रद्धेचीही आहे.

इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने वेशीबाहेर दुःख सोसल्याचा उल्लेख आहे, आणि आपणही त्याच्याकडे बाहेर जावे असे आवाहन आहे. गुलगुथा त्या काळी यरुशलेमच्या तटाबाहेर होती. पुढे थोड्याच वर्षांनी, पहिल्या हेरोद अग्रिप्पाच्या कारकिर्दीत (इ.स. 41–44) सुरू झालेल्या नव्या तटाने तो भाग आत घेतला. आज पवित्र कबरीचे मंदिर जुन्या शहराच्या अगदी आत आहे, आणि जगभरचे यात्रेकरू तोच त्या नगराचा मध्य मानतात. क्रांती चौकातील शिपायांच्या मरणाची तारणाच्या बलिदानाशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मात्र शहरे आपला मध्य पुष्कळदा आपल्या बाहेर टाकलेल्या जागीच शोधतात, हे दोन्हीकडे दिसते.

म्हणून पुढच्या वेळी पाहुणा शहराचा मध्य विचारील तेव्हा त्यास क्रांती चौक अवश्य सांगावा. त्याची बस तेथूनच जाईल. पण आपल्या लेखकांनी त्या चौकातून पुढे घाटीच्या व्हरांड्यापर्यंत जावे. त्या वृद्ध मातेचे शहर अद्याप कोणी लिहिलेले नाही.